आन्सेल्मोचे कान

विया उर्किसा, ब्युनोस आयर्स
१९ मे २००४

प्रिय लिसांद्रो,

तुझा बाबा आजारी आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पत्र फाडायच्या आत एवढं तरी तुझ्या नजरेखालून जाईल.

न्हाणीघरात पडला. मेंदूत गुठळी, असं डॉक्टर म्हणतात. डावा हात उचलत नाही, डावा पाय ओढतो, तोंड एका बाजूला उतरलंय. जिभेला मात्र काही झालेलं नाही. शुद्धीवर आल्यावर नर्सला पहिलं काय म्हणाला असेल? "बाई, या भिंतींना हा रंग कोणी निवडला? त्या माणसाला भरती करा आधी." नर्स हसली, मी रडले.

त्याची वकिली करायला बसलेली नाही मी. रेडिओवरच्या मुलाखतीत तो जे बोलला ते मीही ऐकलं होतं. "माझ्या मुलाचा टँगो? त्यापेक्षा माझ्या बहिणीचं केस वाळवायचं यंत्र जास्त सुरात असतं." त्यात माझ्या दुकानाचाही अपमान होता, पण मी कुठे रॉटरडॅमला निघून गेले? तू गेलास. सहा वर्षं झाली. तुझ्या जागी मीही कदाचित गेले असते.

राग धर, मी नको म्हणत नाही. पण त्याची तब्येत कशी आहे एवढं विचारणारं पत्र टाक. त्याला नको, मला टाक. मी त्याला वाचून दाखवीन, अगदी चुकून हातात आल्यासारखं.

तो घरी आला की मी त्याच्याकडेच राहायला जाणार. दुकान शेजारच्या पोरीला चालवायला दिलंय. माझ्या गिऱ्हाइकांना ती टकलं करून ठेवणार, पण आता काय करू?

तुझी,
झुलेमा आत्या


८ जुलै

प्रिय लिसांद्रो,

चार ओळी आल्या. चार तर चार. "बाबा वाजवतो का?" एवढं एकच विचारलंस, बाकी सगळं हवापाण्याचं.

नाही वाजवत. डाव्या हाताने बँडोनियनच्या पेटीचा भाता उघडत नाही. वाद्य खोक्यात घालून कपाटावर ठेव म्हणाला. ठेवलं. पण त्याचं मला एवढं वाटलं नाही. तो आधीही वाजवण्यापेक्षा लिहिण्यातच जास्त असायचा. नोव्हेंबरात त्याच्या पंच्याहत्तरीचा जलसा ठरलाय, शहरातल्या मोठ्या सभागृहात. त्यासाठी चार भागांची रचना लिहायला घेतली होती. तीन भाग पडायच्या आधीच झाले होते, चौथा राहिलाय. म्हटलं, हात गेला तर गेला, डोकं आहे ना. बसून लिहील.

तेच होत नाहीये. मला त्यातलं कळत नाही, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

मंगळवारी नोएमी आली होती. तुला आठवते ना नोएमी श्टेर्न? त्याच्या वाद्यपंचकातली पियाणोवाली, तुला लहानपणी तालमीत शेवटच्या बाकावर बसवून खारे शेंगदाणे द्यायची. बिचारीने तिसरा भाग घरी बसवला होता, त्याला ऐकवायला आली. मी स्वयंपाकघरात बटाट्याच्या नोक्कीचे गोळे वळत होते. दोन मिनिटं वाजवलं असेल नसेल, तोच हा ओरडला, "बंद कर! पत्रे बडवतेयस का?"

"माएस्त्रो, कुठे चुकलं?"

"सगळीकडे."

"म्हणजे लय की..."

"सगळं म्हणजे सगळं! तू म्हणजे एक... " नको, जाऊ दे, जी शिवी दिली ती इथे लिहवत नाही. नोएमीने कागद गोळा केले. मी जिन्यापर्यंत पोहोचवायला गेले, तर पायरीवर मटकन बसली.

म्हणाली, "झुलेमा, वीस वर्षं त्यांच्या शिव्या खाल्ल्यात मी. पण प्रत्येक शिवी कुठल्या तरी सुराला असायची. आज नुसतीच शिवी होती."

तेव्हा मला वाटलं, दुखण्याने कडवटपणा आलाय. अपंग माणसाला कुणावर तरी ओरडावंच लागतं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नसेल. तुझे आजोबा क्लबात शनिवारी व्हायोलिन वाजवायचे, लोक नाचायचे, मीही नाचायचे. या गल्लीत माझ्यासारखी वळणारी मुलगी नव्हती, हे माझा नवरा असता, तुझा ओस्वाल्डो काका, तर त्याने शपथेवर सांगितलं असतं. तुझा बाबा त्याच वाद्यवृंदात बँडोनियनला. एका शनिवारी आजोबा तापाने घरी होते, तेव्हा त्याने आपलं स्वतःचं काहीतरी वाजवायला लावलं. मी ओस्वाल्डोच्या हातात होते. पाय उचलला आणि खाली कुठे ठेवायचा तेच कळेना. सगळ्या क्लबाचं तेच झालं. जोडपी जागच्या जागी उभी. कोपऱ्यावरचा खाटीक ओरडला, "अरे, हा नाच आहे की मयताला आलोय?" आणि तुझा बाबा वाजवत राहिला. संपेपर्यंत अर्धा क्लब घरी गेला होता.

आजोबा वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. "हा टँगो नव्हे, गोंगाट आहे," एवढंच जेवताना भिंतीकडे बघून म्हणायचे. पुढे तुझा बाबा मोठा झाला, लोक खुर्च्यांवर बसून त्याचं ऐकायला लागले, पॅरिसहून बोलावणी आली. मी कधीच त्याच्या जलशात खूश झाले नाही. माझा नाच त्याने नेला, असंच मला वाटायचं. आणि मग तू तुझी ती विजेवर वाजणारी यंत्रं आणलीस, पोरं पुन्हा नाचायला लागली, तर हा म्हणतो गोंगाट.

या घराण्यात प्रत्येक बापाने मुलाला एकदा तरी गोंगाट म्हटलंय बघ.

झुलेमा आत्या


२२ ऑगस्ट

लिसांद्रो,

हे कोणाला सांगणार नाही अशी माझ्याकडून शपथ घेतलीय त्याने. मी आईच्या नावाने घेतली. आई मला माफ करील, तिला माहीत आहे मी कशी आहे ते.

रविवारी दुपारी जेवण झालं होतं. तो खिडकीपाशी कडू माते-चहा पीत बसला होता, मी भांडी घासत होते, रेडिओ चालू. रेडिओ मीच लावते, त्याला आताशा नको असतो. टँगो लागला. मला ओळखीचा वाटला, पण त्याचे सगळेच मला एकसारखे वाटतात, म्हणून लक्ष दिलं नाही.

तो म्हणाला, "बंद कर ते. कोण गाढव वाजवतंय?"

माझे हात साबणाचे. म्हटलं, "थांब, संपेलच."

"वाजवणाऱ्यापेक्षा लिहिणारा गाढव दिसतोय."

तेवढ्यात ते संपलं आणि निवेदक म्हणाला, "आपण ऐकलीत आन्सेल्मो जारदेली यांची रचना, वादक स्वतः जारदेली आणि त्यांचं पंचक."

मी नळ बंद केला. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मग हळूच विचारलं, "माझं होतं?"

"तू थट्टा करत होतास ना?" मी विचारलं.

"झुले, माझं होतं का ते?"

मग सगळं बाहेर आलं. पडल्यापासून असं आहे. माणसांचं बोलणं कळतं, कुत्रा भुंकलेला कळतो, दाराची घंटा कळते. संगीत तेवढं कळत नाही. "जिन्यावरून भांडी घरंगळत येतात ना, तसं ऐकू येतं," म्हणाला. मी म्हटलं, निदान डोक्यात तरी असेल, आठवून लिही. तर म्हणाला, "आत तर काहीच नाही. आठवायला जातो, शब्द आठवतात, नावं आठवतात, कोणत्या साली लिहिलं ते आठवतं. सूर नाही. आई आपल्याला झोपवताना म्हणायची तेसुद्धा नाही."

मी ते त्याला गुणगुणून दाखवलं. मला वाटलं, आईचं तरी लागेल. त्याने डोळे मिटून घेतले, थोडा वेळ सोसलं आणि म्हणाला, "शब्द म्हण, सूर नको लावूस." शब्द म्हटले. मग त्याने मान हलवली. "हां. हे."

डॉक्टरांकडे मी एकटी जाऊन आले. ते म्हणाले, होतं असं कधीकधी. कान चांगले आहेत, मेंदूतली सूर ओळखणारी जागा गेली. परत येईल का? सांगता येत नाही. औषध? नाही. कपाळाला हात लावून बाहेर आले.

मी म्हटलं, आन्सेल्मो, जलसा रद्द करू या. केवढा भडकला! "काय सांगणार लोकांना? बहिरा झालो म्हणू? बहिरा संगीतकार म्हटलं की लोक टोप्या काढतात. मी बहिरा नाही, झुले. मी त्या क्लबातल्या खाटकासारखा झालोय. चाळीस वर्षं जे मला गोंगाट म्हणत होते, त्यांच्या रांगेत जाऊन बसलोय."

आता रोज सकाळी टेबलाशी बसतो. कोरा कागद, त्यावर पाच-पाच रेघा. पेन्सिल उचलतो. नियम सगळे पाठ आहेत त्याला, त्या नियमांनी ठिपके मांडतो. दुपारी चुरगाळतो. मी विचारते, काय झालं? म्हणतो, "व्याकरण बरोबर आहे. काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही."

त्याला तुझी आठवण येते असं तो म्हणालेला नाही. मी खोटं लिहिणार नाही. पण परवा त्याने विचारलं, रॉटरडॅम नकाशात कुठे आहे.

आत्या


५ सप्टेंबर

प्रिय लिसांद्रो,

तुझं पाकीट आणि माझं पत्र वाटेत कुठेतरी समुद्रावर एकमेकांना ओलांडून गेली. तू माझं वाचलं असतंस, तर त्यात तुझ्या संगीताची तबकडी पाठवली नसतीस. आता वाचलं असशील, आणि तुझ्या जिवाची काय तगमग होत असेल ते मला इथे बसून कळतंय.

पाकीट पोस्टमनने त्याच्याच हातात दिलं. लपवायला मला वेळच मिळाला नाही. तुझं अक्षर ओळखलं त्याने. चिठ्ठी स्वतः वाचली, चष्मा न लावता, हात लांब करून. "बाबा, यंत्रं नाहीत. फक्त बँडोनियन. तुझ्यासाठी लिहिलंय."

मी म्हटलं, नंतर ऐक, दमलायस.

"लाव."

"आन्सेल्मो..."

"लाव म्हणतो ना!"

लावलं. तो खुर्चीत ताठ बसला, उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला. दात काढून घेताना माणूस बसतो तसा बसला, पण शेवटपर्यंत बसला. मी मध्ये एकदा बंद करायला गेले, तर डोळे न उघडता म्हणाला, "हात लावू नकोस."

संपल्यावर म्हणाला, "सांग."

"काय सांगू?"

"काय होतं ते सांग. तू ऐकलंस ना?"

मी! मला काय येतं त्यातलं? तरी सांगायला लागले. म्हटलं, सुरुवातीला कुणीतरी एकटाच जिना चढतोय असं वाटतं. "किती मजले?" म्हणाला. म्हटलं, चेष्टा करू नकोस. मग भाता मोठ्याने श्वास घेतो. मग एक ओळ येते, ती अर्ध्यावर सोडून देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. "खाली जातो की वर?" मला नाही सांगता आलं. "डाव्या हातात काय होतं?" मला काय माहीत रे डाव्या हातात काय होतं! ओठांवर आलेलं सगळं पोरकटासारखं वाटत होतं. दु:खी आहे, म्हटलं. तो म्हणाला, "दु:खी तर खाटीकखान्यातली गायही असते. तिला टँगो येतो का?"

शेवटी म्हणाला, "झुले, नाचून दाखव."

माझा गुडघा तुला माहीत आहे. पण मी चपला काढल्या, तबकडी पुन्हा लावली. खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि कपाटाचा आधार घेऊन, जोडीदार धरल्यासारखा हात वर करून, सुरू केलं. तो माझ्या पायांकडे बघत होता. आपल्या लिहिलेल्या कागदांकडे बघायचा तसा, भुवया जवळ आणून. पहिली काही पावलं जमली. वळलेसुद्धा. आणि मग त्या अर्ध्यावर सोडलेल्या ओळीपाशी माझा पाय वर राहिला, खाली येईना.

"का थांबलीस?"

"पाय कुठे टाकायचा ते कळेना."

तो हसला. आजारी पडल्यापासून असा हसला नव्हता, तोंडाची चांगली बाजूच काय ती हसली. म्हणाला, "मग चांगलं लिहिलंय पोराने."

हे मी तुला देऊन टाकते, ते तुझं आहे. पण पुढचंही सांगायला हवं. हसता हसता त्याचा चेहरा मोडला. उजव्या हाताने तोंड झाकून तो रडला, आणि मी एका पायावर कपाट धरून उभी, तुझं संगीत चालूच, आणि मला कळेना आधी कशाजवळ जाऊ, त्याच्याजवळ की त्या यंत्राजवळ. तो ज्याच्यासाठी रडत होता, तेच त्याला भांड्यांसारखं छळत होतं.

यंत्र बंद केलं. त्याने नको म्हटलं नाही.

झुलेमा आत्या


२८ नोव्हेंबर

प्रिय लिसांद्रो,

तू फोनवर जलशाचं विचारलंस तेव्हा मी "छान झाला" म्हटलं, कारण तो शेजारच्याच खोलीत होता. छान झाला नाही.

चौथा भाग झालाच नाही. नोएमीला मी खरं सांगितलं, सांगावंच लागलं. ती कागद छातीशी धरून बसली. मग म्हणाली, "तीन भाग वाजवू. तेवढे पुरेसे आहेत." तालमींना तो गेला नाही. माझी प्रकृती, एवढंच कळवलं.

त्या संध्याकाळी मी त्याला काळा कोट घातला, दाढी करून दिली. सभागृहात माणूस मावत नव्हता. जे त्याला एके काळी शिव्या घालायचे तेही म्हातारे होऊन काठ्या टेकत आले होते. आम्ही पहिल्या रांगेत. तो नोएमीच्या हातांकडे बघून बसला होता. हात चालू आहेत तोवर चालू आहे, एवढाच त्याचा हिशेब. पहिला भाग संपला, नोएमीने एक हात पट्ट्यांवरच ठेवून पान उलटलं, लोकांनी टाळ्या आवरून धरल्या, तो बसून राहिला, माझ्याही जिवात जीव आला.

दुसऱ्या भागाच्या मध्ये एक जागा आहे. सगळे थांबतात. नोएमी नंतर म्हणाली, त्यानेच लिहिलीय, एक लांब शांतता, आणि मग बँडोनियन एकट्याने उठतो. नोएमीने हात मांडीवर ठेवले. व्हायोलिनवाल्याने गज खाली घेतला. मला त्या जागेची कल्पना नव्हती. असती तर त्याचा कोट धरून ठेवला असता.

तो उठला. काठीवर भार देऊन वळला आणि लोकांना वाकून नमस्कार केला.

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मागून एकाने टाळी वाजवली, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. "माएस्त्रो! माएस्त्रो!" फुलं आली. मी नोएमीकडे बघितलं. बँडोनियनवाल्या पोराची बोटं बटणांवर तशीच होती, तो तिच्याकडे बघत होता. तिने त्याला मानेनेच नको म्हटलं आणि पियाणोचं झाकण हळूच बंद केलं. उरलेलं कोणी वाजवलं नाही. तुझा बाबा हसत उभा होता, उजवा हात हलवत. मी टाळ्या वाजवत होते. दुसरं काय करणार होते?

टॅक्सीत खुशीत होता. "शेवट कसा वाटला?" म्हणाला. मी म्हटलं, चांगला. म्हणाला, "मला वाटत होतं लांबेल."

त्याला कळलंच नसतं. पण सकाळी पेपर आला. मी आधी चाळला असता, पण पाव आणायला गेले होते. कोण्या शहाण्याने लिहिलं होतं: जारदेली यांनी स्वतः उठून आपली रचना अर्ध्यात तोडली, टँगोने आजवर असा धीट शेवट पाहिला नव्हता. मी आले तेव्हा पेपर घडी घालून बशीखाली ठेवलेला. रात्रीचं सूप पिताना म्हणाला, "अर्ध्यात?"

मी मान हलवली.

"नोएमीला म्हणावं, झाकण लावलं ते बरं केलं." आणि मग, "आता मला कुठे नेऊ नकोस, झुले."

तू नाताळाच्या आधी येतोयस. फोनवर विचारत होतास, वाद्य आणू का, काही वाजवू का, नुसता जवळ बसून भाता उघडला तर हाताला कळेल का त्याच्या. मला नाही माहीत रे. डॉक्टरांना नाही माहीत. मला वाटतं, नको आणूस. त्याला तुझं ऐकायचं असेल आणि ऐकता येणार नाही, आणि तो खुर्चीचा दांडा धरून बसेल. मला ते पुन्हा बघवणार नाही.

पण मग तुम्ही दोघं करणार काय, याची मला चिंता लागलीय. तुम्ही कधी बोललातच नाही. तू पाच वर्षांचा असल्यापासून तो वाजवायचा आणि तू उत्तर द्यायचास. तुझी आई गेली तेव्हाही स्वयंपाकघरात समोरासमोर बसून वाजवत होतात, मी दारातून बघितलं होतं. भांडलात तेही सुरांवरून. आता त्याच्यापाशी शब्दच राहिलेत, आणि शब्दांत तो कच्चा आहे, आणि तू त्याच्यावरच गेलायस.

काल मी त्याला सरळच विचारलं. म्हटलं, लिसांद्रो इतक्या लांबून येणार, सहा वर्षांनी येणार, त्याच्याशी काय बोलशील?

खूप वेळ विचार केला त्याने. कपाळावर आठ्या घालून, खरोखरच शोधत होता.

मग म्हणाला, "विचारीन त्याला, तिकडे थंडी फार असते का."

तुझी,
झुलेमा आत्या